हँडब्रेकची केबल अडकलीये, ट्रेलरचे स्टँड कोणाकडे आहेत?

प्रेषक: स्लाववाला
मंडळी, ट्रेलरचं चाक बदलायला घेतलेले, उचललेली गाडी टेकवून ठेवायचे ते दोन स्टँड सध्या कोणाकडे आहेत? गाडी (तीच लाल) नुसत्या जॅकवर उभी आहे. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम काढला, आतले ब्रेक शू काढले, केबल शूच्या लिव्हरमधून सुटली पण मागच्या पत्र्याच्या भोकातून काही केल्या निघेना, केबलच्या टोकाला अडकायचे कान असतात ना, ते पकडीने एक दाबला की दुसरा उघडतो. सोमवारी एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) आहे.

प्रेषक: हॅरोचे काका
अरे पकडीने जन्मात निघणार नाही. १२चा रिंग पाना केबलच्या टोकावरून ओव आणि कानांवर दाबून बसव, सगळे कान एकदम मिटतात, मग मागून केबल ओढ. १२चा चढत नसेल तर १३चा बघ. स्टँड मिळेपर्यंत खाली शिरू नकोस, एवढं ऐक.

प्रेषक: स्टोरेज
स्टँड माझ्याकडे आहेत, वहीत नोंद आहे. मंडळाचं सामान खाजगी कामाला द्यायचं नाही हे एजीएममध्ये (वार्षिक सभेत) ठरलंय. दिवाळीला ट्रॉली दिली ती वड्यांच्या तेलाने माखून परत आली.

प्रेषक: वहिनी
तेल नव्हतं, श्रीखंड होतं, आणि मी स्वतः पुसून दिली होती. शिवजयंतीचे ढोल त्याच लाल गाडीतून जातात ना, मग खाजगी काम कसलं?

प्रेषक: हाउन्स्लोकर
कशाला हा उपद्व्याप, गॅरेजला द्या. एमओटीत हँडब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या १६ टक्केच लागतो, जुनी केबल ताणून पण पास होईल.

प्रेषक: हॅरोचे काका
१६ टक्के बरोबर, पण एका चाकाला ब्रेक लागतच नसेल तर नापासच करतात. आणि ताणून काय होणार, थंडीत रस्त्यावर टाकतात त्या मिठाने आतली तार गंजून आउटरमध्ये (बाहेरच्या नळीत) धरलीये. पाणी शिरलेलं असलं की थंडीत गोठतं, मग हँडब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही, आमच्या शेजाऱ्याने तसंच फरफटत मेन रोडपर्यंत नेलं होतं. मी तर बर्फ पडला की सपाट जागी हँडब्रेक न लावता गिअरमध्येच ठेवतो.
नवीन घातल्यावर लगेच हँडब्रेकच्या दांड्याखालचा नट आवळू नकोस हं. आधी स्टार व्हीलने (शूमधल्या दातेरी चाकाने) शू ड्रमला जेमतेम टेकव, पायातला ब्रेक चारपाचदा दाब, मग नट. उलटं केलंस तर केबलच शूला ताणून धरते, शू आपोआप जुळवणारा सेल्फ ॲडजस्टर काम करत नाही आणि ड्रम तापतो.

प्रेषक: हाउन्स्लोकर
काका, उतारावर पण गिअरमध्येच का?

प्रेषक: हॅरोचे काका
उतारावर तोंड खाली असेल तर चाकं फुटपाथकडे वळवून, वर असेल तर उलट. लायसन्स कसं मिळालं तुला?

प्रेषक: स्टोरेज
स्टँड शेडबाहेर ठेवतोय, सही करून न्या. ट्रॉलीवर तेलच होतं.

प्रेषक: स्लाववाला
१३चा बसला, निघाली! काका, थँक्यू. स्टँड न्यायला आत्ता निघतोय, बायकोच्या गाडीने. उजवी केबल उद्या.

प्रेषक: सचिव
उद्या सराव आहे. ढोल कशातून येणार?