एक्सेलमध्ये पुणे–मुंबई अंतर ७,११० किमी येतंय

औंधकर:
वाहतुकीच्या दरपत्रकासाठी पुण्यापासूनची हवाई अंतरं हॅवरसाइन सूत्राने (अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचं सरळ अंतर देणारं) काढतोय. पुणे अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. मुंबई १९.०८, ७२.८८. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी. उत्तर येतं ७,११० किमी! कंस तपासले, बरोबर आहेत. नेमकं कुठे चुकतंय?

पेठेतला_गणिती:
सूत्र ठीक आहे, एकक चुकलंय. एक्सेलचे साइन, कॉस कोन रेडियनमध्येच धरतात. अक्षांशांतला ०.५६ अंशाचा फरक त्याने ०.५६ रेडियन, म्हणजे तब्बल ३२ अंश धरला. अंशाचं रेडियन करायला पाय (π) भागिले १८० ने गुणा, उलट जायला १८० भागिले पाय ने. 'रेडियन्स' हे तयार फंक्शन आहेच. हाताने ३.१४ टाकू नका. १ रेडियन ५७.२९५८ अंशांऐवजी ५७.३२४८ होतो. मुंबईपर्यंत जेमतेम ६० मीटरचा फरक पडेल, तुमच्या दरपत्रकाला काही होणार नाही, पण सवय वाईट.

औंधकर:
अक्षांश-रेखांशांच्या दोन्ही फरकांना रेडियन्स लावलं. मुंबई १२१.७ किमी, पटण्यासारखं आहे. पण नागपूरच्या (२१.१५, ७९.०९) ओळीत नंबर एरर (#NUM!) येतेय.

मोजणीदार:
कॉसमधले अक्षांश अंशातच राहिलेत. मुंबईचं उत्तर बरोबर वाटतंय तो निव्वळ योगायोग. सहा पाय म्हणजे १८.८५, तिथे कॉसचे तीन पूर्ण फेरे होऊन किंमत पुन्हा १ वर येते. आपलं १८.५२ त्याच्या अगदी शेजारी. म्हणून १८.५२ रेडियनचा कॉस ०.९४६ आणि १८.५२ अंशांचा ०.९४८! मुंबईचं १९.०८ पण तिथलंच. त्यामुळे चूक सव्वा किमीत लपली. नागपूरच्या २१.१५ रेडियनचा कॉस मात्र उणे ०.६६७, मग वर्गमुळाखालची बेरीज ऋण होते आणि एक्सेल हात टेकतं. चारही कोन (दोन फरक, दोन अक्षांश) रेडियनमध्ये बदलल्यावर मुंबई १२०.५ आणि नागपूर ६२० किमी यायला हवं. पुण्यापासूनची अंतरं घेऊन तपासणी करायची तर एक शहर लांबच्या अक्षांशावरचं घ्याच.

फंक्शन सूत्रात कोंबण्यापेक्षा अक्षांश-रेखांशाशेजारी रेडियनचे वेगळे कॉलम करा, वर 'रेडियन' लिहा. नाहीतर पुढे कोणीतरी पुन्हा रेडियन्स लावतं, आणि मुंबई दोन किमीवर येऊन बसते. उत्तर साधारण पंचावन्न पट लहान दिसलं की दुहेरी रूपांतर समजा.

पेठेतला_गणिती:
अगदी. आणखी एक: यादीत कुठे अंश-मिनिटं असतील तर १८ अंश ३१ मिनिटांचं १८.३१ करू नका. ३१ भागिले ६० म्हणजे ०.५१७, तेव्हा १८.५१७. एका अक्षांशाला साधारण १११ किमी, म्हणजे ही एक चूक २३ किमीची. सेकंद असतील तर ३६०० ने भागून मिळवा.

मोजणीदार:
पुढे दिशाकोनही (शहर उत्तरेपासून किती अंशांवर आहे) काढणार असाल तर एटॅन२ ला, म्हणजे एक्स-वाय वरून कोन देणाऱ्या फंक्शनला, जपा. एक्सेलमध्ये आधी एक्स, मग वाय. पायथनमध्ये नेमकं उलट. उत्तर रेडियनमध्ये येतं आणि ऋणही असू शकतं. 'डिग्रीज' लावून ३६० मिळवा, मग ३६० ने भागून बाकी घ्या.