मृत्युदर म्हणजे नक्की कशाचा दर?

आकडेमोड्या: साथीच्या बातमीत 'मृत्युदर ५ टक्के' वाचलं की माझं डोकं फिरतं. मृत्युदर म्हणजे वर्षभरातले मृत्यू भागिले वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, गुणिले १०००. बातमीवाले सांगतात ते रोग झालेल्यांपैकी किती दगावले ते. रेबीज घ्या. लक्षणं दिसू लागली की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य, म्हणजे यांच्या भाषेत मृत्युदर १०० टक्के. पण जगाच्या लोकसंख्येत रेबीजचे बळी वर्षाला लाखामागे एकही भरत नाहीत. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल? दुसऱ्याला सरळ 'रोग्यांमागे मृत्यू' म्हणा.

उगाचच: साथीत मृत्युदर विचारणाऱ्याला लोकसंख्या अभिप्रेत नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि अर्भक मृत्युदराच्या छेदात तरी लोकसंख्या कुठे आहे? तिथे १००० जिवंत जन्म असतात. ते बरं चालतं!

आकडेमोड्या: तिथे नावातच 'अर्भक' आहे, छेद सांगून बदललाय. साथीत तो गुपचूप बदलतो. सुरुवातीला फक्त अत्यवस्थ रोग्यांची तपासणी होते, दर चढा दिसतो. तपासण्या वाढल्या की सौम्य रोगी सापडतात आणि दर उतरतो. रोग तोच, औषधं तीच, आणि मथळा काय, तर 'साथ निवळली'.

लिंबूटिंबू: 'मृत्यूदर' लिहिणाऱ्यांनाही कुणीतरी आवरा. समासात यु ऱ्हस्व.

तिरपागडा: पण तुमचा तो सोवळा हजारी दर तरी काय दिवे लावतो? जपानचा १० च्या वर, कतारचा २ च्याही खाली. म्हणून कतारची माणसं जास्त जगतात का? जपानात म्हाताऱ्यांचा भरणा, कतारात बाहेरून आलेल्या तरुण कामगारांचा. वयाची रचना सारखी धरून काढलेला प्रमाणित दर द्या, नाहीतर देशादेशांची तुलना करू नका.

आकडेमोड्या: हे मान्य. तुलनेला तो निरुपयोगीच. पण पुढच्या वर्षी किती मृत्यू होतील याचा अंदाज बांधायला तोच लागतो.

उगाचच: म्हणजे शेवटी कामापुरता अर्थ. मी वेगळं काय म्हणत होतो?

नोंदवही: सगळे छेदावर तुटून पडलात, अंशाकडे कुणी बघतंय का? मी काही काळ मृत्यूच्या नोंदी संगणकात भरल्यात. कारणाच्या रकान्यात ओळीने 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. कर्करोगाचा रोगी असो की अपघातातला, तेच. अहो, बंद तर सगळ्यांचीच पडते! आता यातून हृदयविकाराचा मृत्युदर काढा बघू.