फोर्डसनवर बसवलेला जुना रोड ग्रेडर: किती द्यावेत, काय तपासावं?

माळरान
नमस्कार मंडळी. इथे आयोवात एका शेतावर १९२० च्या दशकातला रोड ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, विकायला आहे. मागे फोर्डसन मॉडेल एफ ट्रॅक्टर, पुढे लांब पोलादी फ्रेम, मध्ये १० फुटी ब्लेड. सगळं हातचाकांनी फिरवायचं, हायड्रॉलिक काही नाही. मागच्या चाकांना भरीव रबर आहे. इंजिन जाम. ग्रेडरच्या कंपनीची पट्टी निघून गेली आहे. मालक वजन ६,५०० पौंड सांगतो आणि मागतो ४,५०० डॉलर. ३०० मैलांवर आणायचे ट्रेलरवाला ९०० घेणार. चालू करून घरच्या खडीच्या वाटेवर वर्षातून दोन-तीनदा फिरवायचा आणि माउंट प्लेझंटच्या ओल्ड थ्रेशर्स या जुन्या यंत्रांच्या मेळाव्याला न्यायचा, एवढाच विचार आहे. किंमत रास्त आहे का? बघायला जाताना काय काय पाहू?

जुनं_लोखंड
जाम इंजिनाला ४,५०० फार होतात. हिशेब भंगारापासून वर चढवत न्या. ६,५०० पौंड म्हणजे सव्वातीन अमेरिकी टन. टनाला १८० डॉलर भाव धरला तर ५८५ डॉलर. त्या दिवशीचा खरा भाव जवळच्या भंगारवाल्याला विचारा. हा झाला तळ, याखाली मालक येणार नाही.

वर काय चढवायचं, इथे लोक चुकतात. ते फोर्डसनचे पैसे धरतात. पण फोर्डसन दुर्मीळ नाही. १९१७ ते १९२८ मध्ये अमेरिकेत सात लाखांहून जास्त बनले, आणि १९२२ मध्ये तर किंमत ३९५ डॉलरवर आली होती. ग्रेडरवाल्यांनी हाच ट्रॅक्टर उचलला तो या स्वस्ताईमुळे. आजही इंजिनाचे सुटे भाग मिळतात. शिवाय ग्रेडर बनवताना ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल काढून टाकलेला असतो, त्यामुळे उद्या त्याचा परत ट्रॅक्टर करून विकायचा म्हटलं तरी सरळ जमत नाही. तुम्ही पैसे देताय ते पुढच्या लोखंडाचे. सर्कल (ब्लेड धरून फिरवणारं दातेरी कडं), उचलायचे दांडे, हातचाकांच्या गिअरपेट्या, पुढचा ॲक्सल हे सगळं जागेवर असेल तरच त्याला भाव. माझ्या मते पूर्ण पण जाम यंत्राला १,२०० ते १,८०० द्यावेत. चालू, सर्कलचे दात शाबूत, ब्लेड सरळ असेल तर ३,००० ते ४,००० पर्यंत. एक जरी गिअरपेटी गायब असेल तर भंगाराच्या थोडं वर, बस. तो भाग नव्याने ओतून घ्यावा लागतो आणि लाकडी नमुना बनवण्यातच पैसे जातात.

वर्मगिअर
वरच्या हिशेबाशी सहमत. आता मागच्या भागाचं सांगतो.

फोर्डसनला वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बोल्टने जोडून तोच सांगाडा होतो. ग्रेडरची फ्रेम या ओतीव लोखंडाला धरते आणि ब्लेडचा सगळा धक्का तिथेच जातो. बोल्टांच्या भोकांभोवती वायर ब्रशने रंग काढा, केसाएवढी चीर दिसते का बघा. पितळी रंगाची रेघ दिसली तर आधी ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून चीर भरणं, झालेलं आहे.

दुसरं, वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला गिअर. मागच्या ॲक्सलमध्ये पोलादी वर्म आणि ब्राँझचं चक्र आहे. तळाचा बूच थोडा सैल करून चमचाभर तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. सोनेरी चमकी दिसली तर चक्र झिजतंय. मग एक मागचं चाक जॅकवर घ्या, गिअर टाका आणि चाक पुढे-मागे हलवून काठावर किती इंच मोकळं फिरतं ते मोजा. डिफरन्शियलचा प्लेही (ढिलेपणा) त्यात येतो, म्हणून एक-दोन इंचांना घाबरू नका. चार-पाच इंच असेल तर ब्राँझ संपत आलेलं आहे.

इंजिन सोडवायला गिअर टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू नका. जाम इंजिनाचा सगळा भार त्या ब्राँझच्या दातांवर येतो. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप ॲसिटोन आणि ऑटो ट्रान्समिशनचं तेल समसमान मिसळून ओता. रोज थोडं वाढवा, पाच-सहा दिवस थांबा, मग हँडलने दोन्हीकडे हलके झटके द्या. नाही सुटलं तर हेड काढायचं, जोर करायचा नाही.

ब्लॉकची बाजू नीट बघा. पाणी काढायचं राहिलं की आयोवाच्या थंडीत ब्लॉक फुटतो, आणि ही चीर रंगाखाली दडवणारे असतात. याला पाण्याचा पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं. पातळी वरच्या होजखाली गेली की फिरणं बंद, इंजिन तापतं.

माळरान
वर्ममध्ये हल्लीचं जीएल-५ गिअर ऑइल चालेल का? आणि कंपनी कोणती ते कसं ओळखू? पुढची चाकं बाजूला कलतात, म्हणजे ॲडम्सचा असेल का?

वर्मगिअर
जीएल-५ नको. त्यातले गंधकाचे घटक ब्राँझ खातात. स्टीम सिलिंडर ऑइलच्या जातीचं, पिवळ्या धातूला (पितळ, ब्राँझ) सुरक्षित असं डब्यावर लिहिलेलं जाड तेल घ्या. क्लचही तेलातच आहे, म्हणून थंडीत तेल घट्ट झालं की चकत्या चिकटतात आणि क्लच दाबूनही गाडी सरकते. गोठवणाऱ्या दिवसांत हँडल मारताना समोर उभं राहू नका, चाकांना ओंडके लावा.

केणीवाला
ॲडम्सच असं नाही. चाक कलवायची युक्ती इंडियानापोलिसच्या जे. डी. ॲडम्सची, १८८५ ची, पण १९२० च्या दशकापर्यंत इतरही ती वापरत होते. फोर्डसनवर मिलवॉकीच्या वेर कंपनीचे ग्रेडर बरेच निघाले. ओतीव भागांवरचे उठावाचे आकडे आणि त्यांच्यापुढचं अक्षर खडूने घासून फोटो काढा. ओहायोत बोलिंग ग्रीनला जुन्या बांधकाम यंत्रांच्या राष्ट्रीय संघटनेचं संग्रहालय आहे, त्यांच्याकडे जुनी माहितीपत्रकं आहेत. तिथे फोटो पाठवा. कंपनी सिद्ध झाली तर किमतीत खरोखर फरक पडतो. ट्रॅक्टरच्या ब्लॉकवरच्या क्रमांकावरून ग्रेडरचं साल काढू नका, ट्रॅक्टर मागाहून बदललेला असू शकतो.

आता ब्लेड. आपल्या शेत सपाट करायच्या केणीत आणि यात फरक एवढाच की केणीचा कोन माणूस हातांनी धरतो, इथे तो सर्कल धरतं. म्हणून सर्कल ढिलं असेल तर रस्त्यावर लाटा उठतात, इंजिन कितीही चांगलं असो. ब्लेडचं एक टोक पहारीने उचलून बघा. अर्ध्या इंचापर्यंतचा प्ले शिम (पातळ पत्र्या) आणि नव्या बुशांनी जातो. त्याहून जास्त असेल तर सर्कलच्या पकडी झिजल्यात. दात पूर्ण गोल फिरून मोजा, मधले नेहमीच्या कोनातले दातच जास्त खातात. ब्लेडच्या पाठीवर दोरी ताणून बाक बघा.

कटिंग एज (ब्लेडखाली बोल्टने लावलेली बदलती पट्टी) झिजून बोल्टांच्या डोक्यांपर्यंत आली असेल तर ती आधी बदला, नाहीतर मूळ ब्लेड घासलं जाईल आणि ते मिळत नाही. नवी घेण्याआधी भोकांमधलं अंतर मोजा. हल्लीच्या एजची भोकं जुन्या ब्लेडवर बसतीलच असं नाही. न जमल्यास कोरी पट्टी कापून भोकं पाडून घ्या, प्लाऊ बोल्टसाठी चौकोनी मानेची.

भरीव रबर तडकून सुटं होत असेल तर चाकावर पुन्हा रबर चढवण्याचा दर आधीच लेखी घ्या. कधीकधी तो यंत्राच्या किमतीएवढा निघतो.

जुनं_लोखंड
एक राहिलं. मूळ कॉइल आणि फ्लायव्हील मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) काढून कुणी बाहेरचा हाय-टेन्शन मॅग्नेटो बसवला असेल तर संग्राहक किंमत पाडतील. वाट सपाट करायची असेल तर मात्र मी तोच पसंत करेन. फ्लायव्हीलवरचे चुंबक अशक्त झाले की हँडल मारून खांदा दुखतो आणि ठिणगी पडत नाही. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारा भाग, आहे का तेही बघा. मूळ फोर्डसनला तो नव्हता, आणि ग्रेडरवर ब्लेड मातीत शिरलं-सुटलं की भार सारखा बदलतो. हाताने थ्रॉटल सांभाळत ब्लेडची दोन हातचाकं फिरवणं एकट्याला झेपत नाही.

माळरान
मनापासून आभार. शनिवारी जातोय. फडकं, खडू, दोरी, पहार घेतली. १,५०० पासून बोलायला सुरुवात करेन.

केणीवाला
टेपही घ्या. अमेरिकेत परवान्याशिवाय ट्रेलरवर साडेआठ फूट रुंदी चालते. १० फुटी ब्लेड आडवं राहिलं तर जादा रुंदीचा परवाना लागेल, म्हणून सर्कल फिरतं का हे तिथेच बघा. जाम असेल तर आदल्या दिवशी दातांत भेदक तेल मारून ठेवायला मालकाला सांगा.