मदत हवी आहे: क्यू लाइटचा हिरवा दिवा बंद केला तरी मिणमिणतोय

नेपथ्यखिळा
नाटकासाठी क्यू लाइट, म्हणजे विंगेतल्या नटांना इशारा देणारे दिवे लावलेत, लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे एंट्री. उजव्या विंगेत सगळं व्यवस्थित, डावीकडचा हिरवा मात्र स्विच बंद असला तरी मंद पेटलेला दिसतो. तालमीत दिवे चालू असायचे म्हणून कळलंच नाही, काल पूर्ण ब्लॅकआउट घेतला आणि एक पात्र थेट दुसऱ्याच्या संवादात घुसलं. बल्ब बदलला, तेच. प्रयोग तोंडावर आलाय, लवकर सांगा.

फ्यूजबाबा
दिवे कसले आहेत? बारा व्होल्टचे की थेट लाइनवरचे? केबल कुठून नेलीय? एवढं तरी लिहा हो.

प्रॉम्प्टरताई
वायरिंगचं नंतर बघा, मुळात पद्धतच बदला. दिवा लागला की तयार राहा, विझला की जा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. नट सरळ दिव्याकडे बघत नसतो, विझलेलं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं.

कप्पीवाला
आणि मधेच बल्ब उडाला तर? वर दोरीवर बसलेला माणूस विझला म्हणून अख्खा फ्लॅट, म्हणजे देखाव्याची चौकट, खाली सोडणार आणि खाली कुणीतरी उभं असणार. लाल-हिरवाच बरा. आमच्याकडे लाल आधी लुकलुकतो, समोरच्याने बटण दाबलं की स्थिर होतो, म्हणजे स्टेज मॅनेजरला कळतं की गडी जागा आहे. तुमच्याकडे उत्तराचं बटण आहे का?

प्रॉम्प्टरताई
बल्ब उडेल म्हणून दोन एलईडी समांतर लावतात, हे सोयीने विसरलात.

कप्पीवाला
केबलच उपटली गेली तर दोन काय न दहा काय.

टेकूवाला
हे सगळं सोडा आणि सरळ वायरलेस हेडसेट घ्या. फक्त बॅटऱ्या रोज रात्री चार्ज करायच्या, अर्धवट चार्जवर प्रयोग करू नका.

नेपथ्यखिळा
अहो राजाच्या मुकुटाखाली हेडसेट कसा घालू? लाइनवरचे साधे एलईडी बल्ब आहेत. डावीकडची केबल लांब आहे, स्टेजमागून डिमरच्या (स्टेजचे दिवे कमी-जास्त करतो त्याच्या) केबलींना बांधून नेलीय. उत्तराचं बटण नाही.

फ्यूजबाबा
मग हे आधी सांगायचं ना! शेजारच्या चालू केबलीमुळे बंद तारेतही किंचित करंट उतरतो. फिलामेंटचा बल्ब तेवढ्याने पेटत नाही, एलईडी पेटतो. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असला तरी हेच होतं, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आजच्यापुरतं तिथे फिलामेंटवाला झिरोचा हिरवा बल्ब लावा. पण अंधारात धावणाऱ्या माणसांच्या पायात लाइनची केबल नकोच, १२ व्होल्ट डीसीवर या. प्रत्येक एलईडीला ५६० ओहमचा रेझिस्टर लावा, विंगेत तेवढा उजेड भरपूर होतो. आणि माइकची केबल वापरू नका, गडबडीत कुणीतरी ती साउंड मिक्सरमध्ये खुपसेल.

रंगआंधळा
लाल-हिरवा मला सारखाच दिसतो आणि असे बरेच पुरुष असतात. लाल वर, हिरवा खाली, जागा ठरलेली ठेवा. नटांना आधी विचारून घ्या.

प्रॉम्प्टरताई
विझवायच्या पद्धतीत हा प्रश्नच येत नाही, नुसतं सांगून ठेवते.

नेपथ्यखिळा
केबल वेगळी करून नेली, मिणमिणणं कमी झालं पण गेलं नाही. झिरोचा बल्ब लावला, आता काळोख आहे. १२ व्होल्टचं नंतर करतो, सगळ्या दिव्यांना मिळून एकच अडॅप्टर पुरेल का?

फ्यूजबाबा
एक अँपिअरचा घ्या. एक एलईडी २० मिलीअँपिअरच्या आतच घेते, डझनभर लावलेत तरी अडॅप्टर गरमही होणार नाही.

कप्पीवाला
आणि उत्तराचं बटण बसवाच. वरचा माणूस डुलक्या काढतोय हे खालून दिसत नसतं.

टेकूवाला
बॅटरीबद्दल कुणीच बोललं नाही. मी सांगतो, दोन जोड ठेवा.