सीटी अहवालातलं 'एन्हान्समेंट' मराठीत कसं लिहावं?

बोरूबहाद्दर: रुग्णपत्रकात वाक्य आहे, 'कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूतली मेटास्टॅसिसची गाठ एन्हान्स होते.' (कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून देतात तो आयोडीनयुक्त द्रव; मेटास्टॅसिस म्हणजे दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग.) 'गाठीचं वर्धन होतं' लिहिलं, तर संपादकांनी 'म्हणजे औषधानं गाठ वाढते?' असं विचारून परत पाठवलं.

झिरप: रास्त शंका. 'उजळते' लिहा. निरोगी मेंदूत कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन रक्तवाहिन्यांबाहेर पडत नाही. मेटास्टॅसिसच्या केशवाहिन्या गळक्या, म्हणून ते बाहेर झिरपतं आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. झिरपायला वेळ लागतो. इंजेक्शननंतर लगेच स्कॅन घेतला तर बारीक गाठी निसटतात. ५ ते १० मिनिटं थांबलेलं बरं.

कोशकीटक: 'उजळते' ढोबळ आहे. मेलॅनोमाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या गाठीत रक्तस्राव झाला की ती कॉन्ट्रास्टविनाच पांढरी दिसते. तीही 'उजळली' का? 'वर्धन'ची निदान व्याख्या करता येते.

झिरप: 'उजळणे'चीही येते. हा घोळ सोडवायलाच ड्युअल एनर्जी सीटी आहे, म्हणजे दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी केलेला स्कॅन. क्ष-किरण नळीच्या ८० आणि १४० केव्हीवर (किलोव्होल्ट) माहिती घ्यायची आणि आयोडीन गणितानं वजा करायचं. तरीही पांढरं उरलं तर रक्त किंवा कॅल्शियम. गेलं तर आयोडीन. उलट ४० केइव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांची ऊर्जा) धरून गणितानं बनवलेल्या आभासी प्रतिमेत आयोडीन झळकतं, कारण त्याची के-कडा, म्हणजे जिथे किरणांचं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा, ३३.२ केइव्हीला आहे. त्या प्रतिमेत खरखर (दाणेदारपणा) मात्र वाढते.

मधलीसुट्टी: स्कॅनच्या खोलीत सरळ 'गाठ कॉन्ट्रास्ट घेते' म्हणतात. ते का नको?

कोशकीटक: उद्या 'गाठ डाय घेते' लिहा! द्रव पाण्यासारखा, रंगाचा पत्ता नाही, नि नाव डाय.

मधलीसुट्टी: 'वर्धन'वाल्यांनी हसू नये. आणि 'मेटास्टॅसिस' तसाच का ठेवलाय? 'स्थानांतर' लिहा. ग्रीक 'स्टॅसिस' आणि आपलं 'स्थान' एकाच धातूचे.

झिरप: व्युत्पत्ती बरोबर, शब्द चूक. स्थानांतरात पहिली जागा सुटते. इथे फुप्फुसातली गाठ फुप्फुसातच असते.

कोशकीटक: 'दुय्यम गाठ'.

बोरूबहाद्दर: रुग्ण 'दुय्यम' म्हणजे 'किरकोळ' समजेल. पण माझा प्रश्न 'एन्हान्स'चा होता.

झिरप: पत्रकात 'सीटी स्वच्छ म्हणजे मेंदू स्वच्छ' असं काही असेल तर ते आधी काढा. लहान मेंदूजवळच्या जाड हाडांमुळे सीटीत पट्टे उमटतात, त्यांत काही मिलिमीटरची गाठ सहज दडते. शंका असेल तर कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतोच.

कोशकीटक: पट्टे नव्हे, रेषा.