सह्याद्रीच्या पावसाळ्यात मीडियम फॉरमॅट: पहिला फिल्टर कोणता घ्यावा?

सातारकर६७
मीडियम फॉरमॅट (३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा किंवा सेन्सरचा कॅमेरा) नव्याने घेतलेली मंडळी पावसाळा आला की विचारतात, लेन्सनंतर पहिला खर्च कशावर करू? बहुतेक वेळा उत्तर मिळतं: चौकोनी फिल्टरचा होल्डर आणि ग्रॅज्युएटेड एनडीचा, म्हणजे वर गडद आणि खाली पारदर्शक अशा ‘ग्रॅड’ काचांचा संच. आपल्या डोंगरांसाठी हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो. आधी चांगलं कोटिंग असलेला, लेन्सच्या आट्यांवर बसणारा एक पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, घ्या. बाकीचं नंतर.

माझा कॅमेरा मामिया आरबी६७. माझ्या ६५, ९० आणि १२७ मिमी या तिन्ही लेन्सना ७७ मिमीचे आटे आहेत, त्यामुळे एकच पोलरायझर सगळ्यांना पुरतो. गेल्या जुलैत माळशेजला एका धबधब्यासमोर उभा होतो. ओल्या काळ्या कातळावर आणि कारवीच्या पानांवर आभाळाची पांढरी चमक बसली होती. वरून फाइंडरमध्ये बघत रिंग हळूहळू फिरवली. एका जागी चमक उतरली, पानांचा हिरवा वर आला आणि कातळातल्या भेगा दिसायला लागल्या. हे घरी कॉम्प्युटरवर बसून होत नाही. चमकेने झाकलेला रंग फिल्मवर उतरलेलाच नसतो.

ग्रॅडचं काम मात्र कलर निगेटिव्ह फिल्म बरंचसं स्वतःच निभावते. पोर्ट्रा ४००ला सावलीचं मीटरिंग करून एक्सपोजर द्या, आकाश स्कॅनमध्ये परत मिळतं. शिवाय समोर अलंग-मदन-कुलंगसारखी रांग असली, की ग्रॅडची सरळ रेघ सुळक्यांचे माथेही काळे करते.

कडेलोट
दादा, तुमचं सगळं गणित निगेटिव्हवर उभं आहे. मी वेल्व्हिया ५० ही स्लाइड फिल्म वापरतो. उजेड-सावलीतला फरक पाचेक स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) पुढे गेला की एक बाजू हातची गेली, आणि स्लाइडमध्ये उडालेलं आकाश परत येत नाही.

दुसरं म्हणजे जागा बघा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य थेट समोर असतो. पोलरायझरचा आकाशावर सर्वांत जास्त परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर होतो. सूर्याकडे तोंड करून तो लावलात तर आकाश तसंच राहतं आणि दीड-दोन स्टॉप प्रकाश मात्र जातो. वेल्व्हियावर हे महागात पडतं. फुजीच्या तक्त्यात लांब एक्सपोजरसाठी ४ सेकंदांपासूनच जादा प्रकाशाची भरपाई सुरू होते, ३२ सेकंदांना पूर्ण एक स्टॉप आणि वर मॅजेंटा फिल्टर. तिथे समोर कोकणातल्या धुरकट हवेवर क्षितिज जवळपास सरळ असतं. ०.६चा सॉफ्ट ग्रॅड, म्हणजे दोन स्टॉप, हीच त्या जागेची गरज आहे. १२०च्या रोलवर ६×७ची दहाच चित्रं मिळतात. त्यातली चार आकाशापायी घालवायची माझी तयारी नाही.

मुळशीकर
मी डिजिटलवर आहे, फुजी जीएफएक्स. ग्रॅड दोन वर्षांपूर्वीच विकून टाकले. आकाश सांभाळून एकच फ्रेम घेते आणि सावल्या नंतर उचलते. कासला गवत आणि फुलं वाऱ्यावर सतत हलतात, वेगवेगळ्या एक्सपोजरच्या तीन फ्रेम एकमेकींवर बसतच नाहीत, म्हणून ब्रॅकेटिंगही करत नाही.

पोलरायझर ठेवला आहे, पण सातारकर त्याचे तोटे सांगत नाहीत. २०-३५ लेन्सच्या रुंद टोकाला निळ्या आकाशात मधोमध गडद डाग पडतो. आणि इंद्रधनुष्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवीकृत असतो. कासला पानांची चमक घालवायच्या नादात मी रिंग फिरवली आणि फ्रेममधून इंद्रधनुष्य पुसलं गेलं. घरी येऊन बघेपर्यंत कळलंच नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

जांभा
सगळे रंगातच बोलताय. कृष्णधवलवाल्याने पहिला फिल्टर पोलरायझर का घ्यावा? कोकणच्या सड्यावर २५ नंबरचा लाल लावून बघा. तांबडा जांभा उजळ होतो, हिरवं गवत काळपटतं, निळं आकाश खाली बसतं. तीन स्टॉप जातात, पण दगडाचा पोत असा दुसऱ्या कशाने येत नाही. ऐन पावसाळ्यात मात्र लाल नको. ढगाळ पांढऱ्या आकाशावर तो फारसं काही करत नाही आणि झाडी नुसती काळी पडते. तेव्हा पिवळा-हिरवा घ्या, पानांच्या छटा सुट्या होतात.

सातारकर६७
कडेलोट, स्लाइड आणि कोकणकडा, दोन्ही मान्य. सूर्य समोर असताना मीही पोलरायझर काढून ठेवतो. पण पावसाचं काय? होल्डरमधल्या चौकोनी काचेवर थेंब पडला की पुसेपर्यंत दुसरा पडतो, आणि पुसलेल्या जागी फराटा राहतो. माझा पोलरायझर खोल हुडच्या आत कोरडा असतो. मुळशीकर ताई, डागाचं म्हणणं बरोबर, पण जुलैत निळं आकाश दिसतंय कुठे? नव्या लोकांसाठी एक: आरबीत मीटरही नाही आणि ऑटोफोकसही नाही, त्यामुळे मीटर-ऑटोफोकस न बिघडवणाऱ्या सर्क्युलर पोलरायझरसाठी जादा पैसे घालू नका. जुना लिनियर चालतो. हातातल्या मीटरच्या आकड्यात दोन स्टॉप वाढवायचे तेवढे विसरू नका.

कडेलोट
भर पावसात मीही ग्रॅड काढत नाही. पाऊस उघडून ढगांच्या खालून ऊन येतं, त्या वीस मिनिटांसाठी तो सॅकमध्ये असतो. होल्डरही नेत नाही. केबल रिलीज (शटर दाबायची वायर) एका हातात, दुसऱ्या हाताने काच लेन्ससमोर धरतो आणि एक्सपोजर चालू असताना किंचित वर-खाली हलवतो. रेघ विरघळते, सुळक्याचा माथा काळा पडत नाही. अलंगला हे एकदा करून बघा, मग बोलू.