एका स्कार्फसाठी माग चढवणं परवडत नाही?

हातमागावर एका स्कार्फसाठी दोन दिवस ताणा (मागावर ताणून बसवलेले उभे धागे) भरत बसणं परवडत नाही, असं म्हणतात. पटतंय, पण एकाच स्कार्फपुरता ताणा लावायचाच कशाला? माझा हिशोब असा: विणीतलं आकसणं धरून १८० सेंमी स्कार्फला साधारण २०५ सेंमी, झालरीला ३०, म्हणजे २३५. मागावर अडकून वाया जाणारा धागा ६० सेंमी, आणि तो एक विणा की तीन, तेवढाच जातो. म्हणून तिनांसाठी सरळ पावणेआठ मीटर ताणा घ्यावा. बाण्याचे (आडव्या धाग्यांचे) रंग बदलले की तिन्ही वेगळे दिसतात.

दुसरं, शेवटचा स्कार्फ कापताना फणीतून (धागे समान अंतरावर ठेवणारा कंगवा) आणि वहीतून (ताण्याचे धागे वर-खाली करणारा भाग) गेलेले जुने धागे ओढून काढू नका. पैठणी विणणारे करतात तशी सांधणी करा: नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्या टोकाला गाठवायचं आणि हलक्या हाताने पुढे ओढून घ्यायचं. अडीचशे-तीनशे धागे पुन्हा ओवण्याचा त्रास वाचतो. मात्र धाग्याची जाडी आणि संख्या तीच हवी. ताणा मागाच्या रुळावर गुंडाळताना थरांमध्ये जाड खाकी कागद घाला. मी एकदा तो टाळला आणि कडेचे धागे अर्ध्यावरच सैल पडले.